आधी समोरच्याची बाजू

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. ना हवापाणी, ना तब्येत. "तुझी माय आंबिलीच्या तयारीला लागली. येऊन राहिल्यात ना?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. अण्णा म्हणजे माझे वडील. कंधारच्या अलीकडे आमची शेती आहे, आणि येळवशीचा हा फोन ते दरवर्षी करतात. त्यात उत्तर ऐकून घ्यायची पद्धत नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. बाहेरच्या माणसाला हा सण समजावून सांगायचा तर पंचाईत होते, कारण यात देवळात जायचं नसतं, फटाके नसतात, मिरवणूक नसते. मार्गशीर्षाच्या शेवटच्या दिवशी माणसं घराला कुलूप लावतात आणि शेतात जाऊन जेवतात, बस्स. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली गार आंबील. भज्जी म्हणजे शेंगा, ओले दाणे आणि पालेभाज्या पीठ लावून शिजवलेली मिसळण. पुण्याकडचा एखादा पाहुणा तळलेल्या भज्यांची वाट बघत बसला की आम्हाला हसू आवरत नाही. या दिवसांत ज्वारी पोटऱ्यात असते, करडईचे काटे पोटऱ्यांना ओरखडतात, आणि सकाळी हरभऱ्यातून चाललं की पानांवरच्या आंबट दवानं, आंबेनं, पाय चिकट होतात. हे सगळं माझ्या अंगात इतकं भिनलंय की डिसेंबरात नांदेडच्या फ्लॅटमध्ये सकाळी खिडकी उघडली तरी नाक उगाच काहीतरी शोधत राहतं.

पण खरं सांगायचं तर येळवस जवळ आली की मला आंबिलीच्याही आधी एक कागद आठवतो. लातूरच्या त्या हिवाळ्यातला, चार घड्या घालून स्वेटरच्या खिशात ठेवलेला. आणि यंदा तो जरा जास्तच आठवतोय, कारण आमच्या घरात सध्या भांडण पेटलंय.

भांडण असं. माझी मुलगी सई दहावीत आहे. तिला दहावीनंतर लातूरला जायचंय, तिथं राहून अभ्यास करायचाय आणि डॉक्टर व्हायचंय. डॉक्टर होण्याला माझी ना नाही. पण क्लास काय नांदेडात नाहीत? विष्णुपुरीच्या रस्त्याला आमचं घर, दारातून रिक्षा मिळते, घरचं ताजं अन्न मिळतं. मग सोळाव्या वर्षी खोली करून परक्या गावात राहायचं कशाला?

"तू गेलीस ना अकरावीला लातूरला?" सई म्हणते.

"गेले म्हणूनच सांगते."

"म्हणजे तुझ्या वेळी चालतं आणि माझ्या वेळी नाही?"

यावर मी मोठा आवाज काढते आणि तिचे बाबा पेपर. रोज रात्रीच्या जेवणाला हेच तोंडी लावणं. मी कॉलेजात मराठी शिकवते. पटवून कसं लिहावं, मुद्दा कसा मांडावा, हे वर्गभर पोरांना सांगते, आणि घरात माझी एकुलती एक मुलगी माझ्या एकाही वाक्याला बधत नाही. अकरावीला आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बिराजदार मॅडमनी हे बघितलं असतं तर एकच शब्द उच्चारला असता, "हौदा?"

बिराजदार मॅडम निलंग्याच्या पलीकडच्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या गावातल्या. त्यांच्या मराठीत मधेच कानडी डोकवायचं. 'हौदा?' म्हणजे 'असं का?', 'खरंच का?' तुम्ही कितीही ठासून एखादं विधान केलं, की मॅडम चष्म्यावरून बघत तो एक शब्द टाकायच्या, आणि तुमच्या विधानाचा पाया हलायला लागायचा. सुती साडीवर पुरुषी स्वेटर, कानाला रुमाल, आणि बुडाखाली ती फटफटणारी लुना. लातूरच्या थंडीत सकाळी ती लुना सुरू करताना त्या तिच्याशीही वाद घालत असाव्यात असं आम्हाला वाटायचं.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. लातूर म्हणजे पहाटेपासून सायकलींच्या घंट्या, भिंतीभिंतीवर क्लासच्या पाट्या, मेसच्या डब्यात रोज तीच पातळ डाळ. संध्याकाळी एसटीडी बूथवर घरी फोन लावायला रांग. मी त्या रांगेत उभी राहून 'सगळं ठीक आहे' हे वाक्य मनात घोकत असायचे, कारण सगळं ठीक नव्हतं. फिजिक्सच्या वर्गात सर फळ्यावर समीकरणांच्या उतरंडी रचत जायचे आणि माझं मन बाहेरच्या कडुलिंबावर जाऊन बसायचं. मला आर्ट्सला जायचं होतं. आणि तिकडे कंधारच्या बसस्टँडवर अण्णा भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी डाक्टर होऊन राहिली." होईल असंसुद्धा नाही, होऊन राहिली.

सायन्सच्या पोरांना मराठीचा तास म्हणजे डोळे मिटायची सोय. मॅडमनी ती सोय दिवाळीनंतर बंद केली. त्यांनी निबंधांची एक नवीच रीत काढली. विषय त्यांनी द्यायचा. ज्यानं त्यानं आपलं मत सांगायचं. मग उलट मताचा एक जण तुमच्यासमोर बसवला जायचा आणि तुम्ही लिहायचं ते त्याचं म्हणणं. तेही 'त्याचं मत असं आहे' अशा परक्या भाषेत चालायचं नाही. 'मी' म्हणून, त्याच्या जागी बसून लिहायचं. लिहून झालं की त्यालाच वाचून दाखवायचं. त्यानं होकार दिला, मला हेच म्हणायचं होतं असं कबूल केलं, तरच तुम्हाला स्वतःची बाजू लिहायची परवानगी. नाही दिला तर पुन्हा लिहा.

"मॅडम, पण त्यानं मुद्दाम होकार न्हाई दिला तर?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"मंग तो का अडवून राहिला ते बी लिहा," मॅडम म्हणाल्या. "त्ये बी त्याच्या बाजूतच येतंय की."

आधी आम्हाला हा पोरखेळ वाटला. मग लक्षात आलं की याच्याइतकं अवघड काही नाही. स्वतःचं म्हणणं लिहायला जोर लागतो, तो सोळाव्या वर्षी प्रत्येकाकडे असतो. दुसऱ्याचं लिहायला त्याला विचारावं लागतं, आणि विचारायची आम्हाला सवयच नव्हती. कॉलेजच्या व्हरांड्यात सगळीकडे 'होकार मिळाला का?' हाच सवाल सुरू झाला. मेसमध्ये भाजी रोज बटाट्याची असावी का, यावर आमच्या वर्गात इतकी गंभीर चर्चा झाली की मेसवाल्या मावशींनी आठवडाभर वांगी केली.

त्या वर्षी येळवशीला क्लास चालू ठेवायचा की सुट्टी द्यायची, यावरून कुरबूर होती. मॅडमनी तोच विषय दिला. मी तर शेतकऱ्याची पोर. सुट्टी हवी म्हणून पहिला हात माझा. माझ्यासमोर बसली मुग्धा. लातूरचीच, तिच्या वडिलांचं औषधाचं दुकान, गल्लीत मोठं नाव. तिचं म्हणणं, क्लास चालूच असावा. मी झरझर लिहून काढलं: मी शहरातली मुलगी, मला अभ्यास बुडवणं आवडत नाही, शेतात जाऊन जेवण्यात मला काही विशेष वाटत नाही. वाचून दाखवलं. मुग्धानं मान हलवली, पण आडवी.

"असं मी कुठं म्हणले?"

दुसऱ्यांदा लिहिलं, पुन्हा आडवी मान. शेवटी मी वैतागून म्हटलं, "मग तूच सांग बाई, का नको तुला सुट्टी?"

ती बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाक करत राहिली. मग म्हणाली, "येळवशीला आमची पूर्ण गल्ली रिकामी होती. दुकानं बंद, शेजारी कुलपं. आम्हाला शेत न्हाई. सगळ्यांना वाटतं, एवढ्या ओळखीचा माणूस, ह्यांना कुणीतरी बोलावलंच असंल. म्हणून कुणीच बोलवत न्हाई. आम्ही घरात खिचडी खाऊन बसतो. क्लास असला की बरं असतं."

आमच्याकडे हे असंच घडतं. येळवशीला ज्याला शेत नाही त्याला आग्रहानं न्यायची रीत आहे, आणि नेमका सगळ्यांच्या ओळखीचा माणूस त्या रीतीतून निसटतो, कारण जो तो धरून चालतो की दुसऱ्यानं बोलावलं असेल. मी ते लिहिलं, मुग्धाच्या जागी बसून, 'मी' म्हणून.  वाचून दाखवलं तेव्हा तिनं मान हलवली, उभी. माझी बाजू लिहायची परवानगी मिळाली होती, पण सुट्टीवरचा माझा तो आवेशातला निबंध आता फारच पोकळ वाटायला लागला. मी एवढंच लिहिलं, 'सुट्टी असावी, आणि मुग्धानं आमच्या शेतात यावं.' मॅडमनी खाली शेरा दिला: 'हौदा!' प्रश्नचिन्ह काढून उद्गारचिन्ह दिलेलं ते मी पहिल्यांदाच बघितलं.

मॅडमची रीत म्हणजे काही हमखास जिंकायचा मंत्र नव्हता, हेही इथं सांगायला हवं. त्याच महिन्यात मराठीचा एक तास काढून फिजिक्सला द्यायचं कॉलेजनं ठरवलं. मॅडम चिडल्या असणार. पण त्यांनी काय केलं, तर आधी प्राचार्यांची बाजू लिहिली: पालकांचा रेटा, निकालाची काळजी, शेजारच्या कॉलेजशी चाललेली चढाओढ. आणि स्टाफरूममध्ये त्यांनाच वाचून दाखवली. प्राचार्य म्हणे गहिवरले. म्हणाले, मॅडम, माझी अडचण मलासुद्धा इतकी नीट मांडता आली नसती. होकार मिळाला आणि तासही गेला. हे आम्हाला सांगताना मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसायला लागल्या. ज्याला यायचं तो येई. वर्गात झोपणारी पोरं तिथं येऊन थंडीत कुडकुडत बसायची. हरूनही आपली रीत न सोडणारी इतकी आनंदी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

आमच्यातल्या एक-दोघांना मात्र या रीतीनं भलतीच चटक लावली. कोणताही विषय द्या, दोन्ही बाजूंनी फर्डं लिहायचे आणि स्वतःला काय वाटतं ते विचारलं की खांदे उडवायचे. मॅडमनी त्यांना पायरीवरच गाठलं. "दोन्ही बाजू कळणं म्हंजे दोन्हीकडं बसणं न्हाई. शेवटी सही एकाच बाजूला करायची. फक्त करताना दुसऱ्या बाजूला कोण बसलंय, त्याचं तोंड आठवायचं." आज माझे विद्यार्थी मोबाईलला विषय सांगतात आणि मोबाईल त्यांना दोन्ही बाजू क्षणात लिहून देतो, सुबक, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी त्यांना विचारते, वाचून कुणाला दाखवलं? होकार कुणाचा घेतला? ती माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

मग एका संध्याकाळी पायरीवर मॅडमनी शेवटचा विषय दिला. तो सगळ्यांना वेगवेगळा होता. "असा विषय घ्या, ज्यात समोरचा खरा ठरला तर तुमचं कायतरी जातंय." मला विषय शोधावा लागला नाही. मी अण्णांची बाजू लिहायला बसले: मी अण्णा, माझी मुलगी डॉक्टर का व्हावी. मान, गावात नाव, पाहुण्यांत वट. मॅडमनी वाचलं आणि परत दिलं.

"ह्यात तुझ्या वडलांचं म्हणणं हाय. वडील कुठं हायत?"

"म्हणजे?"

"माणूस एखादी गोष्ट मागतो तवा त्याच्या पोटात एक भीती असती. ती सोडून बाकी सगळं लिहिलंस. भीती लिहिली न्हाई तर बाजू अर्धीच. विचारलंस का त्यांना?"

अण्णांना विचारायचं! आमच्या घरात बापाला 'का' विचारायची पद्धत नव्हती. पण त्या आठवड्यात ते माल घेऊन लातूरच्या आडतीवर आले आणि जाताना मला धपाटे द्यायला बसस्टँडवर थांबले. आम्ही बाकड्यावर बसलो. कंधारची गाडी लागायला वेळ होता. मी धपाट्याचा तुकडा मोडत, त्यांच्याकडे न बघता विचारलं, "अण्णा, डॉक्टरच का?"

ते चपापले. मग गाड्यांकडे बघत म्हणाले, "तुझी आत्या लई हुशार होती. सातवीतून काढलं तिला, लग्न लावलं. मी थोरला भाऊ, मी बोललो न्हाई. आज ती माहेरी येऊन राहिली, तर पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी बी तुझ्या मायकडं बघती, उचलू का म्हणून. ते बघवत न्हाई मला. तुझ्या हातात असं कायतरी पायजे, का कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई. डाक्टर तर डाक्टर. मला दुसरं काय ठाऊक हाय?"

गाडी लागली, ते चढले. मी त्याच बाकड्यावर बसून लिहिलं. तोच तो चार घड्यांचा कागद.

येळवशीला शेवटी क्लासला सुट्टी मिळाली आणि मुग्धाला घेऊन मी घरी गेले. बैलगाडीत तिला जेवणाच्या डालग्याशेजारी बसवलं होतं आणि ती प्रत्येक गचक्याला हसत होती. कोपीला आईची नवी साडी गुंडाळलेली, पांडवांपुढं उदबत्ती, उन्हात चुलीचा धूर. अण्णा आंबील शिंपडत शेताला फेरी मारून आले, ती हाळी देत, जिच्यातले निम्मे शब्द कानडी असावेत आणि ज्यांचा अर्थ आमच्या गावात कुणालाच धड ठाऊक नाही. जेवणं झाली. अण्णा बांधावर टेकले. मुग्धा अजून भज्जीवरच होती. मी स्वेटरच्या खिशातून कागद काढला आणि म्हटलं, "अण्णा, मॅडमनी तुमची बाजू लिहायला सांगितलीय. बरोबर आहे का बघा."

मी वाचलं. 'मी थोरला भाऊ, मी तेव्हा बोललो नाही' इथंही थांबले नाही. अण्णा हातातली काडी मोडत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "हाव. ह्येच हाय." आणि लगेच, "आता तुजी बाजू वाच."

"ती लिहिली नाही अजून. आधी तुमचा होकार, मग माझी, असा नियम आहे."

"मंग मी सांगू का तुजी? बरोबर हाय का बघ."

 अण्णांनी घसा साफ केला, आणि मी जसं 'मी अण्णा' म्हणून वाचलं होतं, तसंच म्हणायला लागले.

"मी अनू. मला डाक्टर व्हायचं न्हाई. अभ्यासाचं भ्याव वाटतंय म्हणून न्हाई, मन लागंना म्हणून. बारकी व्हते तवा बांधावर बसून बैलालाबी गोष्टी सांगायचे. लातूरला डोळे पुस्तकात ठेवून राहिले आन् ध्यान खिडकीभाईर. आत्यावानी कुणाच्या तोंडाकडं बघत बसायची पाळी माझ्यावर येनार न्हाई, कारण मला बोलता येतंय. आत्याला बोलू दिलं न्हाई कुणी." ते थांबले. काडी संपली होती, दुसरी उचलली. "आन् मला अण्णाचं भ्याव न्हाई. अण्णाचं तोंड उतरंल, त्याचं भ्याव हाय."

कुणी शिकवलं होतं त्यांना? कुणीच नाही. पोटातली भीती सोडली तर बाजू अर्धी राहते, हे मॅडमचं वाक्य मी त्यांना सांगितलंसुद्धा नव्हतं. मला बसस्टँडच्या बाकड्यावर मिळालेलं उत्तर एकीकडे, आणि एकीकडे हा माणूस, ज्यानं मला न विचारता माझी अख्खी बाजू ओळखून ठेवली होती आणि तरी कंधारच्या स्टँडवर सगळ्यांना 'डाक्टर होऊन राहिली' सांगत होता. मला रडू फुटलं. होकार द्यायचा राहूनच गेला.

"हाव!" मुग्धा म्हणाली, भज्जीनं भरलेल्या तोंडानं. "काका, हाव!"

अण्णा उठले, धोतर झटकलं. "मंग अकरावी नीट पुरी कर. निम्म्यातून उठायचं न्हाई. फुडल्या साली तुजं तू बघ." आणि ते बैलांना पाणी दाखवायला गेले. पुढच्या वर्षी मी आर्ट्सला गेले. त्यानंतर स्टँडवर अण्णा म्हणे माझी बाजू इतक्या हिरिरीनं मांडायचे की दोन-चार पोरांच्या बापांनी धसकाच घेतला. मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या नुसत्या "हौदा?" म्हणाल्या, पण तो संशयाचा नव्हता. माझ्या उभ्या आयुष्यात दुसऱ्या माणसाचा आदर कसा करायचा हे मला कुणी शिकवलं असेल तर ते या दोघांनी, आणि दोघांनी एकमेकांना कधी बघितलंही नव्हतं.

एवढं लिहीपर्यंत यंदाची येळवस आली. नांदेडहून निघालो तेव्हापासून गाडीत सई कानात इयरफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसली होती. मीही गप्प. शेतात पोचलो तर अण्णा कोपीजवळ खुर्ची टाकून बसलेले. आता फेरी त्यांना होत नाही. सईच्या बाबांनी मडकं उचललं आणि अण्णा खुर्चीतूनच हाळी देत राहिले. जेवताना आमच्यातला अबोला त्यांच्या लक्षात आला. त्यांनी आधी सईला विचारलं, मग मला विचारलं, आणि दोघींचं ऐकून मला म्हणाले, "माय, तुजं ऐकून घेतलं. पण तिची बाजू लिवलीस का?"

मी नाही म्हटलं.

"मंग कशाचं भांडून राहिलीस?"

माझ्या पर्समध्ये पेन असतो आणि कॉलेजच्या परिपत्रकांची पाठकोरी पानंही. मी बांधावर जाऊन बसले. 'मी सई,' असं लिहिलं आणि पेन अडला. मग उठून तिच्याकडे गेले आणि विचारलं, काय वाटतं तुला? लातूरच का? ती आधी फुरंगटली, मग बोलायला लागली, आणि मी लिहीत गेले. मी सई. नांदेडला मी कायम मॅडमची मुलगी असते. घरी आई माझ्या चेहऱ्यावरून माझे मार्क ओळखते आणि मला धड नापाससुद्धा होता येत नाही. एकटीनं उठायचं, एकटीनं चुकायचं, हे मला करून बघायचंय. आणि पोटातली भीती विसरू नको, असं स्वतःला बजावत मी तीही लिहिली: मला भीती वाटते की तिथल्या हुशार पोरांत मी साधी निघेन.

मी वाचून दाखवलं. माझ्या दृष्टीनं काही सोडलं नव्हतं. इतकं चांगलं मी बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. अण्णा खुर्चीतून कान देऊन ऐकत होते. सईनं मान हलवली.

आडवी.

"काय राहिलं?" मी विचारलं. आवाजात थोडी मास्तरकी आलीच.

ती हरभऱ्याचा घाटा सोलत होती. दाणा काढला, पण खाल्ला नाही. "हे वाचून वाटतं, मला इथून सुटायचंय फक्त. एक लिहिलंच नाहीस तू."

"काय?"

"मला तुझी आठवण येईल ते."

अण्णांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि शेवटी ती ओळ लिहिली. अक्षर वाकडं आलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता सईची मान उभी हलली.

"हाव," ती म्हणाली, आजोबांच्या चालीवर. मग माझ्याजवळ सरकून बसली. "आता तुझी बाजू लिही. मी ऐकते."

इतके दिवस जेवणाच्या टेबलावर वाजवलेले माझे सगळे मुद्दे, नांदेडचे क्लास, ताजं अन्न, दारातली रिक्षा, मी मनात गोळा करायला लागले. पान उलटलं. पाठीमागे कॉलेजचं परिपत्रक होतं, त्याच्या तळाशी थोडी जागा मोकळी होती. तिथं 'मी आई' असं लिहिलं, आणि पुढचं पहिलंच वाक्य जे उतरलं ते नुकतंच पलीकडच्या पानावर, तिच्या बाजूत सगळ्यात शेवटी लिहून झालं होतं.